मिलिग्रॅम भांडायला लागले

बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात. डुगडुगली तर तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतात. अशा तीन-चार घड्या खिशात कायम असतात.

हाती आलेलं पाकीट उघडण्याआधी तळहातावर तोलतात. "अठरा ग्रॅम. आत दोन कागद आहेत." मग उघडतात. दोनच निघतात.

"साधारण" म्हणणाऱ्या माणसाकडे असे बघतात, जणू तो चपला घालून गादीवर उभा राहिलाय.

चहात साखर दीड चमचा. अर्धा चमचा कसा भरायचा यावर त्यांचं स्वतःचं मत आहे. ते ऐकायला चार मिनिटं लागतात.

दुकान बंद करताना एकही काटा उघडा ठेवत नाहीत. हातातलं काम पुरं होऊन झाकण लागल्याशिवाय दिवा मालवत नाहीत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा एका औषधवाल्याचा तराजू पुरा करूनच उठले होते. दोन्ही घरची माणसं ताटकळत बसली होती.

संध्याकाळी पुलापर्यंत फिरायला जातात. वाटेत बायकोशी कशावरून तरी भांडतात. आणि हरतात.

बत्तीस वर्षांत बायकोने ही यादी मनातल्या मनात केली होती. यादीतली शेवटची सवय सुटली, तेव्हा तिने यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिली.

गल्लीत त्यांना मिलिग्रॅम म्हणतात. काटे आणि तराजू दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. माणूस शंभर किलोचा. "शंभर नाही," ते सांगतात, "अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार." दुकान एका खोलीचं. वरच्या मजल्यावर घर. दुकानात भिंतीलगत जाड दगडी ओटा आहे. रस्त्याने जड गाडी गेली तरी त्यावरचा काटा थरथरत नाही. ओट्यावर किराणा दुकानांचे काटे येतात, सोनारांचे काचेच्या पेटीतले तराजू येतात. एकदा तान्ह्या मुलांना तोलायचा काटा आला होता. त्यात मिलिग्रॅमनी आधी दुकानातलं मांजर तोलून पाहिलं.

ओट्याच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी असते. आत मखमलीच्या खाचांत प्रमाणित वजनं. बाकी सगळे काटे या वजनांशी ताडून बघायचे. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं. बायकोला लग्नानंतर पहिली तंबी मिळाली ती या पेटीवरून.

बायको कपडे बेतते, सैल करते, घट्ट करते. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तिच्या हिशेबी प्रत्येक शिवणीत एक बोट जागा सोडावीच लागते, कारण माणूस जेवतो, बसतो, जाडा होतो. मिलिग्रॅमच्या मते एक बोट हे माप नाही. या एका मुद्द्यावर त्यांची निदान सहाशे भांडणं झाली असतील.

आणि मग ती बंद झाली.

एका दिवसात नाही. आधी दुपारी ओट्याला टेकून डुलकी लागू लागली. मग रोजची दाढी एक दिवसाआड झाली, कुणाला फरकही कळला नाही. पुलाचं फिरणं थांबलं. रात्री पलंगाला पाठ टेकली की घोरणं सुरू. त्याबद्दल दोघंही काही बोलत नव्हते. त्याबद्दल कसं बोलायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बत्तीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

हे सगळं तिने वयावर ढकललं. छप्पन्नाव्या वर्षी माणूस थकतो. पण कशावरूनही तिने कळ काढली की ते म्हणायचे, "तू म्हणशील तसं." हे मात्र तिला वयावर ढकलता येईना.

तिने परीक्षा घ्यायची ठरवली. पुढच्या खोलीत एक पडदा लावला. पिवळाजर्द, त्यावर जांभळे पोपट. मुद्दाम डावीकडे आखूड शिवलेला.

"कसा आहे?"

"छान."

"आखूड तर नाही ना झाला?"

मिलिग्रॅमनी पडद्याकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले.

ती खाली बसली. हा शब्द त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला होता.

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई साठीच्या. बोलणं मोजकं. त्यांच्या टेबलावर शोभेचा पितळी तराजू होता. एका पारड्यात टाचण्या, दुसऱ्यात रबरबँड. मिलिग्रॅमनी तो बघितला आणि नजर वळवली, जशी एखाद्याची फाटकी कॉलर बघून वळवावी.

बाईंनी झोपेचं विचारलं. भुकेचं विचारलं. मग आवाज तोच ठेवून तिसरं विचारलं.

मिलिग्रॅमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन मिनिटं पुढे आहे," ते म्हणाले.

"दोन वर्षं," बायको म्हणाली. "घड्याळाचं नाही सांगत मी. तुम्ही विचारलंत त्याचं."

दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी रक्त घेतलं. दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन तळाला. आणखी चार तपासण्या झाल्या. मग बाईंनी समोर बसवून सांगितलं.

"शरीर बनवत नाहीये, तर बाहेरून द्यावं लागेल. कमी पडलं तर असेच राहाल. जास्त झालं तर रक्त घट्ट होतं, तेही बरं नाही. मधे ठेवायचं. म्हणून औषध सुरू झालं की रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं."

"म्हणजे कॅलिब्रेशन," मिलिग्रॅम म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते खुर्चीत पुढे सरकले होते.

"तसं समजा."

औषध म्हणजे पंपाच्या बाटलीतलं जेल. रोज सकाळी दोन दाब. दंडावर, खांद्यावर चोळायचं. वाळू द्यायचं, वर कपडा घालायचा, हात धुवायचे. घरात कुणाच्या अंगाला लागू द्यायचं नाही, बायकोच्या तर नाहीच.

मिलिग्रॅमनी हे फारच मनावर घेतलं. न्हाणीघराचं दार लावून घेऊ लागले. टॉवेल वेगळा. साबण वेगळा. आत जाताना दुकानातला छोटा काटा घेऊन जात. बाहेर तिला ऐकू यायचं: एक दाब. शांतता. दुसरा दाब. मोठी शांतता.

"आत काय चाललंय?"

"इकडे येऊ नकोस!"

"अहो, मी काय बाटली पळवणार आहे?"

"लागेल तुला! मिशा येतील!"

पाच-सहा आठवडे गेले. दाढी रोज व्हायला लागली. दुपारची डुलकी गेली. आणि एका संध्याकाळी ते वर आले, चपला काढल्या, तिथेच थांबले.

"हा पडदा कुणी लावला?"

"मी. चार महिने झाले."

"डावीकडे चार सेंटिमीटर आखूड आहे."

तिने सुई कापडात खोचली. जपून, जणू झाडावरचं पाखरू उडेल. "तीन असेल."

"चार."

"तीन. आणि पडद्याला तेवढं इकडेतिकडे असतंच."

ते पट्टी घेऊन आले. चार निघाले. मग तिने सांगितलं की फरशीच उतरती आहे. मग फरशी मोजली. मग पोपटांवरून सुरू झालं. पोपट जांभळाही असतो, हा मुद्दा तिने शेवटपर्यंत सोडला नाही, आणि शेवटी ते हरले.

ते झोपल्यावर तिने बहिणीला फोन लावला.

"ताई, भांडले गं! चांगले पाऊण तास!"

"कशावरून?"

"पोपटांवरून."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. सुई टोचली."

आणखीही एक गोष्ट पूर्वीसारखी झाली होती. ती तिने ताईला सांगितली नाही.

मग तपासणीचा दिवस आला. सकाळी रक्त दिलं. चार दिवसांनी दोघं बाईंसमोर बसले. बाईंनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. परत वाचला.

"वरच्या मर्यादेच्या तिप्पट आहे. किती दाब घेता?"

"दोन. वजन करून."

"काय करून?"

"एका दाबात सव्वा ग्रॅम यायला हवं. कधी एक पूर्णांक एकवीसच येतं. तेवढं मी भरून काढतो. थेंबाथेंबाने."

बाई हळूच म्हणाल्या, "हे बघा, काही पुरुषांना वाटतं जास्त घेतलं की जास्त गुण येतो. व्यायामशाळेत वगैरे कुणी काही सांगितलं नाही ना?"

मिलिग्रॅमचं पोट त्यांच्याआधी अर्धा हात पुढे बसलं होतं. ते लालबुंद झाले.

"मॅडम, मी आयुष्यात कुणाला जास्त माप दिलं नाही. स्वतःलासुद्धा नाही."

"सांगितलं तसंच लावता ना?"

"वजन करून," ते पुन्हा म्हणाले.

एवढं औषध असूनही रक्त घट्ट झालं नव्हतं. बाईंनी त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला, शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. पण तिप्पट ते तिप्पट. दाब एकावर आला.

महिन्याभरात डुलकी परतली. पडदा तसाच होता, आता त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. बायको रोज एखादी कळ काढून बघायची. मुद्दाम दीडऐवजी दोन चमचे साखर घातली. ते प्यायले.

दुसरी तपासणी झाली. या वेळी आकडा त्याच दिवशी आला, अजून दुपटीच्या वर. बाईंनी मान हलवली.

"आता बंद करा. दोन महिने काहीच नको. मग बघू. कदाचित हे औषध तुमच्यासाठी नाही."

जिन्यावरून उतरताना बायको थांबली. दोन वर्षं हरवलेला माणूस तिला पाच आठवडे परत मिळाला होता. आता तोही काढून घेत होते, आणि का, तर कागदावर तो गरजेपेक्षा जास्त होता.

"आकडा चुकलाय," ती म्हणाली.

"यंत्राचा आकडा आहे. चुकत नाही."

"यंत्र राहतं का तुमच्याबरोबर? मी राहते. तुमचं जास्त झालेलं नाही. कमी झालंय. मला दिसतंय."

तिला वाटलं, आता तरी भडकतील. यंत्रावर शंका घेणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी दुकानातून घालवून दिलं होतं.

"तू म्हणशील तसं," मिलिग्रॅम म्हणाले आणि कठडा धरून उतरत राहिले.



दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन दुकानात उतरली. मिलिग्रॅम बाह्या वर करून ओट्याशी बसले होते. समोर वजनांची पेटी उघडी. गल्लीच्या टोकाचा सोनार आपला तराजू तपासून घ्यायला आला होता. त्याला घाई होती. मिलिग्रॅमचा चिमटा सावकाश चालला होता. सोनाराने कंटाळून पन्नास ग्रॅमचं वजन दोन बोटांत उचललं.

"ठेवा ते!"

चहा बशीत हिंदकळला. हा जुना आवाज होता.

"काका, हात धुतलेत मी."

"धुतलेल्या हाताला कातडी नसते का? कातडीवर जे असतं ते वजनाला लागतं. मग काटा वजन दाखवत नाही. तुमचं बोट दाखवतो! सत्तावीस वर्षं सांगतोय मी तुम्हाला!"

"काय हो काका, एवढ्याशा बोटाने..."

"एवढ्याशाच बोटाने!"

आधी तिला नुसता आनंद झाला. भांडले. थोडे का होईना. मग तिची नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. कोपराच्या आतल्या बाजूला, तपासणीच्या सुईच्या जागी लावलेली चिकटपट्टी अजून तशीच होती.

तिने कप ओट्यावर ठेवला.

"अहो, ते औषध तुम्ही नक्की कुठे लावत होता?"

मिलिग्रॅमनी सोनाराकडे बघितलं. "नंतर बोलू."

"आत्ता."

"अगं, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकाने कान झाकावेत. कुठे लावत होता?"

सोनाराने कान झाकले नाहीत. मिलिग्रॅमनी नाइलाजाने उजव्या हाताचं बोट डाव्या कोपराच्या खळगीत टेकवलं. बोट नेमकं चिकटपट्टीवर पडलं.

"खांद्यावर सांगितलं होतं ना बाईंनी?"

"खांदा उतरता आहे. औषध ओघळतं. केसांत अडकतं. आणि आरशाशिवाय दिसत नाही, किती गेलं, किती राहिलं." ते जरा ताठ झाले. "ही जागा सपाट आहे. केस नाहीत. दोन्ही डोळ्यांनी दिसते. एक थेंब वाया जात नाही. हात तो हातच ना?"

"आणि रक्त कुठून काढतात?"

बोट अजून तिथेच होतं.

 सोनाराच्या हातात पन्नास ग्रॅमचं वजन तसंच होतं. मिलिग्रॅमनी त्या वजनाकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. रोज सकाळी तोलून, थेंबाथेंबाने, जिथे औषध चोळलं, तिथूनच सुई आत जात होती. कातडीवरचं औषध घेऊन नळीत उतरत होती. यंत्राने रक्त मोजलंच नव्हतं. कोपराची खळगी मोजली होती.

ते खाली बसले. खुर्ची हलवून न बघता.

"काका," सोनार म्हणाला, "माझा काटा?"

"तुमचा बरोबर आहे," मिलिग्रॅम म्हणाले. "जा आता."

सोनार गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. न्हावी दारातून ओरडला, "काका, चिमट्याने लावत जा!" किराणावाल्याने निरोप पाठवला की दुकानाचा काटा तपासायचाय, पण आधी काकांनी हात धुवावेत.

"मी बाईंना सांगायला येणार नाही," मिलिग्रॅमनी जाहीर केलं. "तू जा. सांग की चूक झाली. कुणाची ते सांगू नकोस."

"सांगते की बोक्याची झाली."

शेवटी दोघं गेले. बाईंनी सगळं ऐकलं. चष्मा काढला. डोळ्यांवर हात ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. बायकोला वाटलं, रागावल्या. त्या हसत होत्या.

"चूक माझीही आहे," त्या नंतर म्हणाल्या. "किती लावता ते मी दोनदा विचारलं. कुठे लावता ते एकदाही नाही."

दोन आठवडे औषध पूर्ण बंद ठेवून, हात स्वच्छ धुऊन रक्त घेतलं. आकडा तळाला, पहिल्या दिवसासारखा. मग औषध पुन्हा सुरू. दोन दाब. खांद्यावर.

"आणि वजन करायचं नाही," बाई म्हणाल्या.

"अजिबात नाही?"

"एखादा थेंब इकडेतिकडे चालेल."

मिलिग्रॅमनी डोळे मिटले. बायको खिडकीबाहेर बघू लागली.

घरी तिने त्यांच्या जुन्या बनियनवर शिंप्याच्या खडूने रेघ ओढली. रेघेच्या खाली औषध लावायचं नाही. मग त्याच मापाने बाहीचे चार नवे बनियन शिवले, लावलेलं सगळं झाकलं जाईल असे.

"सैल झालेत," ते म्हणाले.

"एक बोट सोडलंय."

"एक बोट हे माप नाही."

तिने पुढचं काही ऐकलं नाही. एवढं पुरे होतं.

सहा आठवड्यांनी रक्त घेतलं. घेणाऱ्या मुलीला मिलिग्रॅमनी स्वतः सांगितलं, कोपर दोनदा पुसा, आणि कापूस एकदाच वापरा. आकडा आला. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा यांच्या मधोमध. रक्त घट्ट नाही. बाई म्हणाल्या, आता तीन महिन्यांनी. मिलिग्रॅमनी दशांश चिन्हापुढचे आकडे विचारले. बाईंनी सांगितले नाहीत.

निघताना त्यांना राहवलं नाही. त्यांनी टेबलावरचा पितळी तराजू उचलला. टाचण्या आणि रबरबँड काढून बाईंच्या ओंजळीत दिले.

"हा डावीकडे झुकतो. पहिल्या दिवसापासून बघतोय. उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो."

"शोभेचा आहे हो तो."

"म्हणूनच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारभर ते त्याच कामात होते. दांडी उतरवली. दांडी जिच्यावर तोलते ती मधली धार घासून साफ केली. पारड्यांच्या साखळ्या उकळल्या, वाळवल्या, दोन्हींच्या कड्या मोजल्या. डाव्या साखळीला एक कडी जास्त होती. कुणीतरी कधीतरी तुटलेली जोडताना वाढवली होती. ती त्यांनी काढली. उजवं पारडं लावलं. डावं हातात घेतलं.

दारात बायको उभी होती. पायात फिरायला जायचे बूट. ते तिने अडीच वर्षांनी माळ्यावरून काढले होते.

"पाच मिनिटं," मिलिग्रॅम मान वर न करता म्हणाले. "हे एक पारडं, मग शून्य बघतो, मग निघू."

"सावकाश होऊ दे. मी शाळेवरून पुढे निघते पुलाकडे. तो रस्ता जवळचा आहे."

मिलिग्रॅमचा हात थांबला.

"कुठला रस्ता?"

"शाळेवरचा."

"शाळेवरचा जवळचा?"

"हो. सगळ्यांना माहितेय."

"अगं, एकशे चाळीस पावलं जास्त आहेत!"

"कुणी मोजली?"

"मी मोजली!"

"तुमची पावलं. माझी मोजलीत का?"

मिलिग्रॅम उभे राहिले.  मुद्दा बिनतोड होता आणि त्यांनी आधी विचारात घेतला नव्हता.

"चल," ते म्हणाले. "जाताना शाळेवरून. येताना गिरणीवरून. तू तुझी मोज, मी माझी मोजतो. मधे बोलायचं नाही."

"मी बोलणार."

"मग मोजणार कशी?"

"साधारण," बायको म्हणाली.

त्यानंतर ते काय म्हणाले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. सोनाराने दुकानातून मान बाहेर काढली. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला.

मिलिग्रॅमच्या दुकानाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा जळत होता. पेटीचं झाकण उघडं. चिमटा मखमलीवर आडवा. ओट्यावर बाईंचा तराजू उभा होता, उजवं पारडं लागलेलं, दांडी त्या बाजूला पुरती कललेली. डावं पारडं शेजारी पालथं पडलं होतं.